वेगाचे जनुक की अंतराचे?

शर्यतीच्या घोड्यांवरील आनुवंशिकीय संशोधन सामान्य वाचकापर्यंत पोचते ते बहुधा एकाच मथळ्यातून : ‘वेगाचे जनुक सापडले!’ आनुवंशिकता शिकवताना असे उदाहरण हाताशी असावे असे कोणाही शिक्षकाला वाटेल. परंतु या क्षेत्रातील गेल्या काही दशकांचे काम क्रमाने पाहिले, तर मथळ्यात जे असते ते मूळ संशोधनात नाही आणि संशोधनात जे मोलाचे आहे ते मथळ्यात येत नाही, असे दिसते.

शर्यतीचे हे घोडे म्हणजे ‘थरोब्रेड’. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये स्थानिक घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले घोडे यांच्या संकरातून ही जात तयार झाली. १७९१ साली तिच्या वंशावळीची नोंदवही छापली गेली. ज्याचे आईबाप नोंदलेले, त्यालाच जातीत प्रवेश. कृत्रिम रेतन आजही मान्य नाही. दोन शतकांहून अधिक काळाची अशी लेखी वंशावळ म्हणजे आनुवंशिकीच्या अभ्यासकांना खजिनाच. २००१ साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की आजच्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची पितृरेषा डार्ले अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत जाते. कळप मोठा, पण मूळ फारच थोडे.

२००९ साली ‘ट्वायलाइट’ नावाच्या थरोब्रेड घोडीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि संशोधनाचा ओघ वंशावळीकडून एकेका जनुकाकडे वळला. २०१० साली एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांचा मायोस्टॅटिनवरील निबंध आला. मायोस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे प्रथिन. त्याच्या जनुकात एका जागी ‘सी’ किंवा ‘टी’ हे अक्षर असते. दोन्ही प्रती ‘सी’ असलेले घोडे १६०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत, एक ‘सी’ व एक ‘टी’ असलेले मध्यम पल्ल्यात आणि दोन्ही ‘टी’ असलेले २००० मीटरच्या पुढे अधिक यशस्वी ठरतात, असे आढळले. अन्य गटांनीही त्याच सुमारास या जागेकडेच बोट दाखवले, म्हणजे निष्कर्ष भक्कम आहे.

पण निष्कर्ष कशाविषयीचा? अंतराविषयीचा. महालक्ष्मीवरील इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. तेथे ‘वेगवान’ म्हटली जाणारी ‘सी-सी’ जोडी बहुधा मागे पडेल. मग हे वेगाचे जनुक कसे? शिवाय जे अक्षर तपासले जात होते ते कारण नसून खूण होती. त्याच जनुकाच्या नियंत्रक भागात शिरलेला २२७ अक्षरांचा एक तुकडा हे खरे कारण असावे, असे नंतरच्या कामातून पुढे आले. खूण आणि कारण यांतला हा फरक वर्गात सांगण्याजोगा आहे.

तरी ‘वेगाचे जनुक’ हे नाव टिकले, कारण ते विकले जाते. हिल यांनी घोड्यांचे प्रशिक्षक जिम बोल्जर यांच्यासह २००९ सालीच कंपनी काढली होती आणि या जनुकाची चाचणी बाजारात आली होती. संशोधकाने कंपनी काढू नये असे नव्हे. मात्र ग्राहक पैदासकार असला, की ‘कोण जिंकेल?’ हाच प्रश्न पुढे येतो आणि बाकीचे प्रश्न मागे पडतात.

त्या मागे पडलेल्या प्रश्नांवरही काम झाले आहे. २००८ साली विल्सन आणि रॅम्बॉट यांनी दाखवले, की घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईत जो फरक पडतो, त्यापैकी सुमारे १० टक्केच आनुवंशिक असतो. (हे प्रमाण समूहातील फरकांचे आहे, एकेका घोड्याचे नव्हे.) २००९ सालच्या एका निबंधानुसार, १९००च्या सुमारास जॉकी रिकिबीत ओणवे बसू लागल्यावर शर्यतीच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. घोडे तेच, बदलली ती स्वाराची बैठक.

सर्वांत गंभीर प्रश्न अंतःप्रजननाचा. २०२० साली १०,११८ घोड्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास झाला. त्यातील ९७ टक्क्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर हा १९६१ साली जन्मलेला एकच घोडा होता आणि अंतःप्रजनन वाढत असल्याचेही दिसले. २०२२ सालच्या निबंधानुसार, अंतःप्रजनन १० टक्क्यांनी वाढले तर घोडा शर्यतीत एकदाही उतरण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. हे दोन्ही निबंध हिल यांच्याच गटाचे आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. विजेत्यांचेच नमुने तपासणाऱ्या संशोधनात हा तोटा कधीच दिसला नसता, कारण जे घोडे धावलेच नाहीत ते त्यात मोजलेच जात नाहीत.

अमेरिकेतील जॉकी क्लबने २०२० साली एका नराकडे वर्षाला १४० पेक्षा अधिक माद्या नेऊ नयेत असा नियम केला होता. पैदासकार न्यायालयात गेले, केंटकीच्या विधिमंडळात विरोधी विधेयक आले आणि २०२२च्या फेब्रुवारीत नियम मागे घेण्यात आला. जिंकणाऱ्या जोडीची चाचणी बाजारात लगेच खपली. कळपाच्या आरोग्यासाठी घातलेली मर्यादा दोन वर्षेही टिकली नाही.

म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे, पण नाव बदलून. ‘वेगाचे जनुक’ ऐकलेला विद्यार्थी उद्या ‘बुद्धीचे जनुक’ही सहज मान्य करील. त्याऐवजी त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवावे : नेमके काय मोजले? कोणाला मोजलेच नाही? आणि हे उत्तर कोणाला हवे होते?