उजळला म्हणजे बिघडला?

समस्थानिकांचे उपयोग शिकवताना आपण एक यादी पाठ करून घेतो : कर्करोगासाठी कोबाल्ट-६०, थायरॉइडसाठी आयोडीन-१३१. आम्ही विज्ञान लिहिणारे त्यात भर घालतो की, कृत्रिम सांध्याभोवतीचा जंतुसंसर्ग किरणोत्सारी द्रव्याने ‘दिसतो’. हे वाक्य सदोष आहे.

गॅमा कॅमेरा जंतू पाहत नाही. तो शिरेतून दिलेल्या टेक्नेशियम-९९एमचे किरण मोजतो. हाडाच्या तपासणीत ते फॉस्फेटवर्गीय संयुगाला जोडलेले असते व हाड नव्याने घडते तिथे जास्त साठते. हे शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, कधी अधिकही चालते. सांधा नुसता सैल झाला तरी घडते. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना खूण करून त्या परत रक्तात सोडल्या, तर संसर्गाचा माग अधिक नेमका लागतो. पण त्या अस्थिमज्जेतही जमतात. म्हणून मज्जेचे वेगळे चित्र घेऊन दोन्ही ताडून पाहतात. पेशी आहेत, पण तिथे मज्जा नाही, तर संसर्गाचा संशय बळावतो. सांध्यातील द्रवाची तपासणी तरीही लागतेच.

भंडाऱ्याच्या वर्गात एखाद्याच्या आजीचा गुडघा नागपूरला बदललेला असेल. चित्राचा अर्थ चुकला, तर चांगला सांधा पुन्हा उघडला जाईल किंवा खरा संसर्ग आत वाढत राहील. टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तास, हे मुलांनी जरूर शिकावे. पण त्याआधी विचारावे : उपकरणाने मोजले काय, आणि अनुमान आपण काढले कोणते?