चाळीस लिटरांची पेटी कोणाच्या मापाची?

मधमाश्यांचा थवा पकडण्यासाठी कशी पेटी ठेवावी, असे विचारले की एक तयार उत्तर मिळते. पेटी चाळीस लिटर आकारमानाची असावी, जमिनीपासून पाच मीटर उंच टांगावी, तळाशी लहानसे दार असावे आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे. हे उत्तर ज्या प्रयोगांतून आले, त्यांची हकीकत थॉमस सीली यांनी 'हनीबी डेमॉक्रसी' (प्रिन्स्टन विद्यापीठ प्रकाशन, २०१०) या पुस्तकात सांगितली आहे. पुस्तक उत्तम आहे; पण त्यातून निघालेले उत्तर नांदेड-लातूरला जसेच्या तसे चालणार नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते येथे पाहू.

वसाहत मोठी झाली की जुनी राणी हजारो कामकरी माश्यांसह घर सोडते आणि थवा जवळच्या फांदीवर लटकतो. तेथून काही शोधक माश्या जागा पाहण्यास निघतात. १९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडावर यांना अशाच एका थव्यावर काजळीने आणि विटांच्या भुकटीने माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या. त्या युद्धात पडलेल्या घरांतून जागा पाहून आल्या होत्या आणि नाचाने तिचा पत्ता सांगत होत्या. पुस्तकाचा पाया हा आहे.

सीली यांनी पुढचा प्रश्न विचारला: माशीला जागा 'चांगली' वाटते म्हणजे नेमके काय? १९७५ पासून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील इथाका परिसरात मधमाश्यांची झाडे तोडून आतल्या ढोल्या मोजल्या. मग एकाच बाबतीत वेगळ्या असलेल्या पेट्या शेजारी शेजारी टांगून थवे कोणती निवडतात ते पाहिले. दहा आणि शंभर लिटरांपेक्षा चाळीस लिटरांची पेटी माश्यांना अधिक पसंत पडली. पंचाहत्तर चौरस सेंटिमीटरच्या दारापेक्षा साडेबारा चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर व्यासाचे दार त्यांनी निवडले. पेटीचा आकार चौरस की लांबट, तिला फटी आहेत की नाहीत, याला त्यांनी महत्त्व दिले नाही.

आम्हाला सर्वांत आवडलेला प्रयोग मेन राज्याजवळच्या ॲपलडोर बेटावरचा. अंधाऱ्या पोकळीचे आकारमान माशी कशी मोजते? सीली यांनी फिरवता येणारी गोल भिंत असलेली पेटी बनवली. माशी भिंतीवरून चालताना भिंत अशी फिरवली की तिला फेरी पूर्ण करण्यास जास्त चालावे लागे. तशा माशीला तीच पेटी मोठी वाटली! माशी चालून मोजते, हे एका फिरत्या पिंपाने दाखवले. वर्गात सांगण्याजोगा याहून सुंदर प्रयोग आम्हाला आठवत नाही.

आता आक्षेप. हे सारे प्रयोग युरोपीय मधमाशीवर झाले. मराठवाड्यात पहिला प्रश्न पेटीचा नसून माशीचा आहे. पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच पिंपळावर लटकणारी आग्या आणि झुडपात हाताएवढे पोळे करणारी फुलोरी या दोघी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या अंधाऱ्या पोकळीत राहतच नाहीत. शाळेच्या गच्चीखाली आग्या बसली आणि कोणी तिच्यासाठी पेटी टांगली, तर पेटी कितीही अचूक असो, ती रिकामीच राहील. (आग्याच्या जवळ विद्यार्थ्यांना नेऊ नये, दगड मारू नये, जाळ लावू नये, हे येथेच सांगून ठेवतो.) आपल्याकडील मधमाश्यांपैकी पेटीत येते ती सातेरी.

पण सातेरीचेही माप वेगळे. तिची वसाहत लहान असते. दक्षिण भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यासाठी बनवलेल्या न्यूटन पेटीत पिलांचा कप्पा साधारण दहा लिटरांचा आहे; युरोपीय माशीच्या दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेटीत तोच कप्पा चाळीस लिटरांहून थोडा मोठा. म्हणजे इथाकाच्या माश्यांनी नाकारलेल्या आकारमानात सातेरी पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. चाळीस लिटर म्हणजे पंधरा किलो तेलाचे जवळजवळ अडीच डबे. एवढी पोकळी लहान वसाहतीने भरायची तरी कशी?

फटींचेही तसेच. युरोपीय माशी झाडांची राळ आणून फटी बुजवते, म्हणून फटक्या पेटीची तिला पर्वा नसावी. सातेरी राळ गोळा करत नाही. तिच्यासाठी फट कायमची फट राहते आणि तीतून मुंग्या व मेणपतंग आत शिरतात. जुने पोळे ठेवलेली पेटी थव्याला आकर्षक वाटते हे खरे. पण उष्ण प्रदेशात तेच पोळे मेणपतंगाच्या अळ्यांचेही खाद्य आहे.

दिशेचे तर उघडच आहे. इथाका ४२ अंश उत्तरेला, बर्फाच्या प्रदेशात. तेथे दक्षिणेचे ऊन म्हणजे ऊब. लातूर साडेअठरा अंशांच्या आत. मेच्या मध्याला मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पारा चाळिशीपार जातो. माश्या पिलांच्या भागात ३४-३५ अंश तापमान राखतात. येथे पेटीला उबेपेक्षा सावली हवी.

सीली यांनी आपण कोठे आणि कोणत्या माशीवर काम केले ते लपवलेले नाही. दोष बव्हंशी आकडे उचलणाऱ्यांचा आहे. तरीही एक तक्रार उरते. याच लेखकाने थायलंडमध्ये आशियाई मधमाश्यांच्या तीन जातींचा अभ्यास करून १९८२ साली तो प्रसिद्ध केला होता. घराच्या निवडीची चर्चा करताना ती तुलना विस्ताराने आली असती, तर पुस्तकाच्या नावातील 'मधमाशी' हा शब्द सर्व जातींना लागू आहे असा समज झाला नसता.

हा वाद शाळेसाठी किरकोळ नाही. आकडे पाठ करून टांगलेली पेटी वर्षभर रिकामी राहिली, तर मुले दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: आपल्या गावात मधमाश्या नाहीत, किंवा पुस्तकातले विज्ञान आपल्यासाठी नाही. दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात.

म्हणून पुस्तकातून आकडे नव्हे, रीत उचलावी. आधी गावात सातेरी आहे का ते फुलांवर, ढोल्यांत, जुन्या भिंतींत पाहावे. असल्यास दोन पेट्या कराव्यात, एक दहा लिटरांची, एक वीसची. बाकी लाकूड, दार, उंची, सावली, दिशा सारखी. पुढच्या वर्षी आकारमान सारखे ठेवून दिशा बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पेटी रिकामी राहिली तरी तशी नोंद करायची. एका शाळेची नोंद अपुरी पडेल. किनवटपासून निलंग्यापर्यंत वीस शाळांनी ती केली, तर मराठवाड्यातील सातेरीला कोणती पेटी आवडते ते सातेरीच सांगेल.