जेन ऑस्टिन : व्यवहाराचे आकडे आणि उपरोधाची नीती

जेन ऑस्टिनविषयी (१७७५–१८१७) एक समज दीर्घकाळ टिकून आहे : तिचे अनुभवविश्व मर्यादित, विषय विवाहापुरता आणि लेखन घरगुती विरंगुळ्याचे. या समजाचा पाया तिच्या कुटुंबीयांनीच घातला. मृत्यूनंतर काही महिन्यांतच भाऊ हेन्री याने लिहिलेल्या चरित्रात्मक टिपणातून आणि १८६९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या भाच्याच्या आठवणींतून कीर्तीची वा धनाची अभिलाषा नसलेली सोज्वळ स्त्री उभी राहते.

तिचा प्रकाशनव्यवहार मात्र वेगळे सांगतो. १८०३ साली ‘सूझन’चे हस्तलिखित दहा पौंडांना विकले गेले, प्रकाशकाने ते छापलेच नाही. १८१६ मध्ये तेवढ्याच रकमेला ते परत घ्यावे लागले आणि ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने ते मरणोत्तर प्रसिद्ध झाले. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) तिने तोट्याची जोखीम स्वतः पत्करून काढली आणि १४० पौंड मिळवले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे (१८१३) हक्क ११० पौंडांना विकल्यामुळे पुढील आवृत्त्यांचा नफा प्रकाशकाकडे गेला. यावरून ती धडा शिकली. जॉन मरे याने तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी देऊ केलेले ४५० पौंड तिने नाकारले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करण्याची मुभा न देणाऱ्या कायद्याच्या काळात एक अविवाहित स्त्री हा हिशेब करीत होती.

हा चरित्रात्मक तपशील कादंबऱ्यांच्या घडणीशी निगडित आहे. ऑस्टिनच्या निवेदनात आकडा हा केवळ वास्तवाचा तपशील नसतो. तो नैतिक भाषेची परीक्षा घेतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या दुसऱ्या प्रकरणात जॉन डॅशवुड मरणासन्न पित्याला दिलेल्या वचनानुसार तीन सावत्र बहिणींना तीन हजार पौंड देऊ इच्छितो. पत्नीशी झालेल्या संभाषणात ही रक्कम निम्मी होते, मग मातेला वार्षिक शंभर पौंड, मग अधूनमधून पन्नास, आणि अखेर उरते ते सामान हलवण्यास साह्य आणि मासळी व शिकारीची भेट. रक्कम घटत असताना कर्तव्य, औचित्य, वात्सल्य हे शब्द मात्र तसेच राहतात. निवेदक मुक्त अप्रत्यक्ष निवेदनातून फॅनीच्या विचारांत शिरतो, कोठेही निषेध करीत नाही. निषेधाचे काम वजाबाकीच करते.

तथापि हिशेब म्हणजे नीतिभ्रष्टता, असे सोपे समीकरण या कादंबऱ्या मांडत नाहीत. सत्तावीस वर्षांची, अल्प संपत्तीची शार्लट लुकस केवळ आश्रयासाठी कॉलिन्सला स्वीकारते, तेव्हा एलिझाबेथ व्यथित होते. पण विकम दहा हजार पौंडांची वारसदार झालेल्या मेरी किंगच्या मागे लागतो, तेव्हा तीच एलिझाबेथ त्याला सहज क्षमा करते आणि दूरदर्शीपणा कोठे संपतो व लोभ कोठे सुरू होतो, असा प्रश्न मामीला विचारते. येथे उपरोधाचा रोख नायिकेकडेच वळतो. एकाच व्यवहारासाठी पुरुषाला एक माप आणि स्त्रीला दुसरे, हा पक्षपात वाचकाला तिच्यात, आणि कदाचित स्वतःतही, ओळखावा लागतो.

या दृष्टीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. मॅरिलिन बटलर यांनी १९७५ साली ऑस्टिनमधील परंपरानिष्ठेकडे लक्ष वेधले. एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये ‘मॅन्सफील्ड पार्क’च्या वैभवामागील अँटिग्वातील मळ्यांचा प्रश्न समीक्षेच्या केंद्रस्थानी आणला. फॅनी प्राइस गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते आणि तिला लाभते ती केवळ शांतता. घरातील पै-पैचा हिशेब ठेवणारे हे निवेदन त्या शांततेच्या पलीकडे जात नाही.

म्हणूनच ऑस्टिनचे जग लहान आहे की मोठे, हा वाद फारसा फलदायी नाही. तिच्या उपरोधाला केवळ विनोदबुद्धी मानले, तर सुसंस्कृत भाषेआड चाललेली ती वजाबाकी वाचकाच्या नजरेतून निसटते. आणि फॅनी डॅशवुडच्या दिवाणखान्यात तोही एक समाधानी पाहुणा होऊन बसतो.