ऑनलाइन प्रशिक्षण अभ्यासक्रमांची सुगम्यता-तपासणी : एक चिकित्सा
(गोंडपिपरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील प्राध्यापकांना उजळणी वर्गासाठी एकेकाळी नागपूरसारखे शहर गाठावे लागे. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पदोन्नतीच्या अटींत ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पर्याय मान्य केला. त्यामुळे अंतराची अडचण बरीच कमी झाली. मात्र दृष्टिबाधित व श्रवणबाधित प्राध्यापकांसमोर निराळी अडचण उभी राहिली. प्रमाणपत्र पदोन्नतीशी निगडित असल्याने अभ्यासक्रम वाचता वा ऐकता न येणे ही केवळ गैरसोय राहत नाही. ती सेवाविषयक हानी ठरते. प्रस्तुत लेखात अशा अभ्यासक्रमांच्या सुगम्यता-तपासणीच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा केली आहे.

कायदेशीर चौकट :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. भारतीय मानक १७८०२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसंबंधी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अवैध ठरविला. कायद्याने सक्तीची केलेली सुगम्यता नियमाने केवळ शिफारशीच्या पातळीवर आणता येणार नाही, हे त्यामागील सूत्र होय. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ शी जोडला.

तपासणीची मर्यादा :
प्रत्यक्षात तपासणीचा भर स्वयंचलित साधनांवर असतो. मजकूर व पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ आहे किंवा नाही, हे असे साधन अचूक सांगते. चित्राला पर्यायी मजकूर जोडला आहे, हेही ते नोंदवते. परंतु तो मजकूर अर्थपूर्ण आहे काय, हे त्याला ठरविता येत नाही. लोकसंख्येच्या आलेखाखाली ‘चित्र १’ एवढेच लिहिले तरी साधन अडथळा दाखवत नाही. अंध अध्ययनार्थ्याला त्यातून काहीही मिळत नाही. शिवाय संकेतस्थळाचे मुखपृष्ठ तपासले जाते आणि पाठाला जोडलेली टिपणे, ध्वनिचित्रफिती व चाचण्या तपासणीबाहेर राहतात. अध्ययन मात्र याच घटकांतून घडत असते.

मराठी आशयाचा प्रश्न :
मराठी सामग्रीत ही उणीव अधिक गंभीर होते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील टिपणे डोळ्यांना देवनागरी दिसतात. संगणकात मात्र ती रोमन अक्षरांच्या संकेतांनी साठविलेली असतात. स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरमालिका म्हणून उच्चारतो. स्कॅन केलेल्या पानांत तर वाचण्याजोगा मजकूरच नसतो. पानाची भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदविलेली असल्यास मराठी मजकूर योग्य आवाजात वाचला जाईल याची खात्री राहत नाही. भाषेची नोंद आहे एवढेच साधन पाहते. नोंद खरी आहे काय, हे मराठी जाणणाऱ्यानेच पाहावे लागते. व्याख्यानाच्या आपोआप तयार झालेल्या मजकूरपट्ट्यांनाही हेच लागू पडते. पारिभाषिक संज्ञा चुकल्या तर श्रवणबाधित अध्ययनार्थ्याच्या हाती चुकीचे ज्ञान पडते.

वेळेचे बंधन असलेली चाचणी हा आणखी एक अडथळा होय. लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळेची तरतूद होती. ऑनलाइन चाचणीच्या रचनेतही तिचा विचार होणे न्याय्य ठरते. नेटवर्क खंडित होणाऱ्या वनक्षेत्रात ही गरज वाढते.

निष्कर्ष :
स्वयंचलित तपासणी आवश्यक आहे. ती पुरेशी नाही. प्रज्ञा प्रसून प्रकरणात ग्राहक-ओळख पडताळणीच्या संदर्भात न्यायालयाने नियमित सुगम्यता-परीक्षणाबरोबर चाचणीच्या टप्प्यावर अंध व्यक्तींचा सहभागही अपेक्षिला. हेच तत्त्व प्रशिक्षण अभ्यासक्रमांना लागू करावे. प्रत्येक अभ्यासक्रमातील किमान एक पाठ, त्याचे टिपण व चाचणी दिव्यांग अध्ययनार्थ्याने माउसविना, स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पूर्ण करून पाहिल्याखेरीज पूर्ततेचा दाखला देऊ नये. महाविद्यालयांनी स्वतःची टिपणे युनिकोडमध्ये आणण्यापासून या कामाचा आरंभ करता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर नियमित श्रमांची गरज आहे.