चिंचवडचा देव मोरगावला का जातो?

चिंचवडला देवाची ठिकाणं दोन आहेत. दर्शनाला येणारे पुष्कळ लोक त्यातलं एकच पाहून परत जातात. पवनेच्या काठावर मोरया गोसावींची समाधी आहे. तिच्यावरचं देऊळ १६५८-५९ सालात बांधलं गेलं, तसा शिलालेख आहे. आणि तिथून थोडं आत, गावात, मंगलमूर्ती वाडा आहे. मोरयांना कऱ्हा नदीत मिळाली असं परंपरा सांगते ती मूर्ती या वाड्यात असते.

समाधी जागची हलत नाही, मूर्ती मात्र हलते. भाद्रपदात आणि माघात, वर्षातून दोनदा, ती पालखीत बसून पुण्यावरून, सासवड-जेजुरीच्या वाटेनं मोरगावला मयूरेश्वराच्या भेटीला जाते. एका बाजूचं अंतर सुमारे ८० किलोमीटर. समाधीचा उत्सव वेगळा, तो मार्गशीर्षात होतो. म्हणजे चिंचवडच्या वर्षात एक उत्सव जाण्याचा आहे आणि एक थांबण्याचा. आज आम्हाला या दोहोंची चिकित्सा करायची आहे. देवस्थानाचं माहात्म्य सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात आमची भर नको.

आधी कथा पाहू, आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊकच असेल. मोरया चिंचवडला राहत आणि नेमानं मोरगावची वारी करीत. वय झालं, चालणं होईना. तेव्हा देवानं सांगितलं, आता तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. पुढे कऱ्हेत स्नान करताना ओंजळीत मूर्ती आली, ती घेऊन मोरया चिंचवडला परतले. मोरयांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. चौदाव्या शतकापासून सतराव्यापर्यंत मतं पसरलेली आहेत. आमच्या आजच्या मुद्द्याला त्यानं बाधा येत नाही.

आमचा मुद्दा असा. ही कथा नीट ऐकली तर ती वारी संपल्याची कथा आहे. देव घरी आला, आता जायचं कारण उरलं नाही. तर्कानं चालायचं तर त्या दिवसापासून मोरगावची वाट बंद व्हायला हवी होती. पण झालं काय? भक्त जायचा तो थांबला आणि आलेला देवच वर्षातून दोनदा जाऊ लागला! कथा एक सांगते आणि विधी भलतंच करतो. धर्माचा अभ्यास करताना आपण विधीला कथेचं चित्र समजतो, कथेत जे आहे तेच विधीत करून दाखवलं जातं असं धरून चालतो. चिंचवडला तसं नाही. इथे विधी कथेला उत्तर देतो.

काय उत्तर देतो, ते समजायला इतिहासात थोडं शिरावं लागेल. मोरयांचे पुत्र चिंतामणी यांच्यापासून या घराण्याला ‘देव’ हे नाव लागलं आणि सात पिढ्या गणपतीचा अंश या वंशात वसतो अशी श्रद्धा रूढ झाली. एडवर्ड मूर नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८०० साली चिंचवडला आला. त्यानं लिहिलेला लेख पुढच्या वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आला. लेखाच्या मथळ्यातच ‘वंशपरंपरागत जिवंत देव’ असा शब्दप्रयोग आहे. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम आल्या. त्यांना गादीवर एक लहान मुलगा दिसला, इतर मुलांसारखाच, फक्त डोळ्यांत एक अस्वस्थपणा. रोज दिल्या जाणाऱ्या अफूमुळे तो आहे असं त्यांच्या कानावर आलं, तेही त्यांनी नोंदवून ठेवलं. पुढच्याच वर्षी, १८१० साली, हा थेट वंश संपला.

मूर यांचा लेख आम्ही तुच्छ मानत नाही. माणूस चौकस होता, पुढे त्यानं हिंदू देवतांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण त्याची नजर गादीवर खिळली. देव या माणसात आहे की नाही, हाच एक प्रश्न त्याला पडला. ज्या देवाचा अंश घरात नांदतो असं घराणं म्हणतं, त्याच घराण्याची मूर्ती दरसाल दुसऱ्या देवाच्या दारी का जाते, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नव्हता. आमच्या मते तोच मुख्य प्रश्न आहे. ‘देव आमच्याकडे आहे’ हा दावा चिंचवडनं केला, आणि दर भाद्रपदात, दर माघात पालखी उचलून त्या दाव्याला स्वतःच मर्यादा घातली. मूळ ठिकाण तिकडे आहे, आम्ही इथले पाहुणे, ही कबुली पालखीच्या चालण्यात आहे. मोरगावला या दोन उत्सवांत गाभारा भक्तांना खुला होतो, सामान्य माणूस स्वतःच्या हातानं देवाला पाणी घालतो, तेही याला धरूनच आहे.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली केंब्रिजहून चिंचवडच्या देव घराण्यावर पुस्तक काढलं. त्यात इनामं, सनदा, गावांचे महसूल, पेशवाई आणि नंतरचं इंग्रजी राज्य यांच्याशी घराण्याचे व्यवहार असं सगळं बारकाईनं मांडलं आहे. ते वाचून कुणी म्हणेल, अहो प्राध्यापक, तुम्ही ज्याला नम्रता म्हणता ती मिरवणूक होती. मोरगाव, थेऊर, सिद्धटेक आजही चिंचवड देवस्थानाच्याच व्यवस्थेत आहेत. आपल्याच कारभारातल्या देवळाकडे पालखी गेली, त्यात कबुली कसली?

खरं आहे. पालखीबरोबर मानही चालतो, हक्कही चालतो. आम्ही ते नाकारणार नाही. पण नुसता हक्कच दाखवायचा असता तर मोरगावच्या लोकांना चिंचवडला बोलावणं जास्त सोयीचं होतं. सत्ता साधारणपणे बसून राहते आणि इतरांना आपल्याकडे यायला लावते, दरबाराची रीत तीच. इथे दिशा उलटी आहे. प्रेस्टन यांच्या कागदपत्रांतून घराण्याला काय मिळालं ते कळतं. दिशा उलटी का, हे त्यातून कळत नाही, कारण महसुलाच्या कागदात दिशा नोंदवायची जागाच नसते.

आता समाधी महोत्सवाकडे येऊ. गेल्या काही दशकांत गावाचं औद्योगिक शहर झालं. १९८२ साली महापालिका आली. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून कामगार आले आणि इथलेच झाले. त्यांच्या गावचा देव मागे राहिला होता. चतुर्थीला समाधीपाशी जी रांग लागते तिच्यात हे लोक मोठ्या संख्येनं असतात. मार्गशीर्षातला उत्सव त्यांचाही आहे, म्हणून त्यात आरोग्य शिबिर, रक्तदान, गाण्याच्या मैफली आल्या तर आम्ही नाक मुरडणार नाही. शिफ्ट करून आलेल्या माणसाला फुकट चांगलं गाणं ऐकायला मिळतं, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

आमची तक्रार वेगळी आहे. व्यासपीठ मोठं झालं की उत्सव पाहुण्यांच्या नावांनी मोजला जातो. यंदा कोण येणार, हा पहिला प्रश्न होतो. आणि हळूहळू तीच मोजपट्टी पालखीलाही लागते. पालखीत पाहण्यासारखं फार नसतं. ध्वनिक्षेपक नाही, सूत्रसंचालन नाही, वाट आहे आणि चालणारी माणसं आहेत. मग प्रेक्षक म्हणून घडलेला नागरिक विचारतो, रहदारी एवढी वाढली आहे, मूर्ती गाडीतून नेली तर बिघडलं काय? दोन तासांत पोचेल.

पोचेल, यात शंका नाही. पोचणं हाच हेतू असता तर त्याचंच बरोबर ठरलं असतं. पण मोरयांचं चालणं म्हातारपणानं थांबलं, आणि ते चालणं पुढच्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं, असा या विधीचा अर्थ आम्ही लावतो. गाडीला खांदा नसतो. आपण घरोघर ‘मंगलमूर्ती मोरया’ असं ओरडतो, त्यात अर्धं नाव देवाचं आणि अर्धं एका चालणाऱ्या माणसाचं आहे. गाडीचा पर्याय सुचवणाऱ्या गृहस्थांना आमचा एवढाच प्रश्न आहे, की त्यातला दुसरा शब्द ते कशासाठी उच्चारतात.

माघातली पालखी निघेल तेव्हा समाधीच्या उत्सवाला येणाऱ्यांपैकी शंभर माणसं जरी चिंचवडच्या वेशीपर्यंत तिच्याबरोबर चालली, तरी मार्गशीर्षातल्या मंडपाचा उपयोग झाला असं आम्ही म्हणू. आता आपले प्रश्न घेऊ.