हे चित्र कोणावर?

दिवाळी अंक हाती पडला की आमच्या घरात तो कोणीच पहिल्या पानापासून वाचत नाही. मुले, त्यांची आई आणि, खोटे कशाला बोला, मी स्वतःसुद्धा, आधी भराभर पाने उलटून हास्यचित्रे पाहून घेतो. मग कथा, मग कविता. आणि भाऊबीज होऊन फराळाचे डबे तळाला गेले की समीक्षा. तेव्हा वाचकहो, हा मजकूर आपल्यासमोर येईल तेव्हा डब्यात चकलीचे तुकडेच उरले असतील, याची मला कल्पना आहे. तरीही ज्या चित्रांवर आपण सर्वांनी आधी झडप घातली, त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावे असे मनात आहे. कथेवर बोलणारे पुष्कळ आहेत. हास्यचित्र मात्र आपण भाजक्या शेंगदाण्यासारखे तोंडात टाकतो आणि पुढे जातो.

मी शिरूरला शाळामास्तर. थोरली बहीण दौंडला दिलेली. महिन्यातून एखाददुसऱ्या शनिवारी मी न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून दौंड गाठतो. दाजी रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुटली, पण रात्री जागण्याची सवय काही सुटली नाही. जेवणे झाली की ते ओट्यावर सतरंजी टाकतात, शेजारचे पानवाले नाना दुकान बंद करून येतात, आणि मग दीड-दोन वाजेपर्यंत गप्पा चालतात. त्या गप्पांना शेंडा ना बुडखा. अवेळी येणारे नळाचे पाणी, डास, शेजाऱ्याची मोटारसायकल, लग्नातला लाऊडस्पीकर, यांच्या अध्येमध्ये सिनेमा येतो, गणपतीच्या मूर्तीचे डोळे यंदा कसे चुकले ते येते, आणि कधीकधी वर्तमानपत्रातले चित्रही येते. कलेविषयीचे निर्भीड बोलणे मी सभागृहांपेक्षा त्या ओट्यावरच अधिक ऐकले आहे.

अशाच एका रात्री नानांनी फोन पुढे केला. कोणीतरी त्यांना शि. द. फडणिसांचे एक जुने चित्र धाडले होते. 1950 नंतरच्या दोन-चार वर्षांत अनंत अंतरकरांच्या मासिकासाठी काढलेले, अनेकांना आठवत असेल ते. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. बस, इतकेच. खाली एक अक्षर नाही. नानांनी चित्र डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि विचारले, “चांगलंय हो, पण हे कोणावर?”

हा प्रश्न मला त्या रात्री विनोदी वाटला. आता वाटत नाही. आपल्याकडे हास्यचित्र पाहणारा बहुतेक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. पुढाऱ्यावर आहे का? सासूवर? मास्तरांवर? रोजच्या कटकटींच्या गप्पांतही आपली तीच रीत असते. पाणी आले नाही, म्हणजे कोणाचे तरी चुकले. तो कोण हे ठरल्याशिवाय सुपारी कातरणेसुद्धा पुढे सरकत नाही. मी कादंबऱ्या लिहितो, त्यांतही हेच केले आहे. ज्या माणसाचा मला त्रास झाला तो प्रकरण संपायच्या आत कशाला तरी अडखळून पडतोच!

या प्रश्नाला सवय लागावी असे एक मोठे उदाहरण आपल्यापुढे होते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ 1951 पासून कित्येक दशके ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या वाचकांना सकाळी भेटत आला. चौकड्यांचा कोट, धोतर, आणि तोंडातून शब्द नाही. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळाही उभा आहे. लक्ष्मण यांचा हात असा, की दोन फटकाऱ्यांत माणूस उभा राही. तथापि मला एक गोष्ट जाणवते. त्यांच्या चित्राखालची ओळ झाकली की रेषा राहते, विनोद मात्र बहुधा जातो. आणि ज्याच्यावर ती ओळ होती त्याला लोक विसरले की ओळीलाही टीप लागते. हा दोष नव्हे. रोजच्या वर्तमानपत्राचे ते कामच आहे. पण त्यावरून सगळ्याच हास्यचित्रांची मापे काढली, तर मांजरे आणि उंदीर आपल्याला कळणार नाहीत.

फडणिसांचे चित्र कोणावरच नसते. 1925 साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या या चित्रकाराने मराठी मुखपृष्ठावर एक विलक्षण गोष्ट केली: तक्रार वजा करून कटकट तेवढी ठेवली. त्यांच्या चित्रांतले नवरे, बायका, दुकानदार, सगळे आपल्यासारखेच अडचणीत असतात. पण चित्रकार त्यांच्याकडे बोट दाखवीत नाही. वस्तूच जरा वेड्यासारख्या वागू लागतात, कापडावरची नक्षी जिवंत होते, आणि माणसे मात्र अगदी गंभीरपणे उभी. पुढे याच हाताने शासनाच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढली. बेरजेला भिणारी मुले त्या पानांवर हसली, यात मला नवल वाटत नाही. बेरीज तरी कोणावर असते?

दाजींना हे पटले नाही. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या फडणिसांच्या जगात कुणावर कर्ज नाही, कुणी मरत नाही. सगळ्यांची इस्त्री कशी मोडत नाही?” आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. त्या चित्रांतले घर पांढरपेशा वस्तीतले आहे. घोडनदीच्या काठी कोरड्या विहिरीत डोकावणारा माणूस तिथे मला क्वचितच दिसतो. जवळ येते ते एवढेच, की हसू आणि दुःख यांची गाठ घालण्याचे काम दुसऱ्यांनी केले. वसंत सरवटे यांच्या रेषेत ती कडवट चव आहे. ‘ललित’मधला त्यांचा ठणठणपाळ ज्यांनी पाहिला, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

मग दाजींनीच एक किस्सा सांगितला, आणि मला वाटते त्यात चित्रकथेचे सगळे शास्त्र आले. दौंडला पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. आता निराळा जोडमार्ग झाल्यामुळे काही गाड्या दौंड स्टेशनात न शिरताच वळतात, पण दाजींच्या नोकरीत हा रोजचा खेळ. एकदा पुण्याहून दोन गृहस्थ खिडकीसाठी कडाकडा भांडत आले. एकाने गाडीच्या तोंडाकडची, वारा खाणारी जागा पटकावली. दुसरा हिरमुसून समोर बसला. दौंडला इंजिन फिरले. गाडी नगरच्या वाटेला लागली तेव्हा भांडून जागा मिळवलेले गृहस्थ पाठमोरे चालले होते, आणि समोरचा मुकाट्याने वारा खात होता. कोणी कोणाला एक शब्द बोलला नाही.

पाहा, हे एका चित्रात बसत नाही. याला तीन चौकटी हव्यात: भांडण, थांबलेली गाडी, आणि उलटलेला वारा. गंमत तिसऱ्या चौकटीत दिसते खरी, पण घडते ती दुसरी आणि तिसरी यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत. तिथे इंजिन फिरते, आणि ते वाचकाने फिरवायचे असते. ‘चिंटू’ने हे नेमके ओळखले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा 1991 च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये आला. त्या वेळी मी शाळेत होतो, आणि वर्तमानपत्र आपल्यासाठीही असते हे मला त्यानेच शिकवले. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. खेळताना फुटलेली काच, नको असलेली भाजी, आलेले पाहुणे. मोठ्यांच्या भाषेत ज्याला ‘काही घडले नाही’ म्हणतात, तेवढेच तिथे घडे. काही दिवस विनोद फसे, हे कबूल. रोज हसवायचा वसा घेतला की तसे व्हायचेच. पण चिंटूची आई चिंटूवर रागावली तरी चित्र आईवर नसे आणि चिंटूवरही नसे.

एवढे बोलून झाल्यावर, रात्र बरीच झाली होती म्हणून असेल, मी माझाही एक किस्सा गंमत म्हणून पुढे केला. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहीत असता मागे खसखस पिकली. वळून पाहतो तो पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वहीत माझे चित्र. चष्मा, टक्कल, सगळे हुबेहूब. मी वही ओढली, पान टरकावले, दोन तुकडे केले आणि त्याला तास संपेपर्यंत उभे केले.

नाना हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी विचारले, “पण चित्रात होतं काय?”

मी सांगू लागलो. मास्तर फळ्यावर लिहीत आहेत. लिहिता लिहिता खडूचा चुरा खाली पडतो आहे, पावसासारखा, दाट. आणि पहिल्या बाकावरची मुले छत्र्या उघडून, माना खाली घालून, शहाण्यासारखी वहीत उतरवून घेत आहेत.

सांगता सांगता माझा आवाज उतरला. चित्राखाली एक अक्षर नव्हते. मास्तरांचा चेहरा रागीट नव्हता. तो तर फळ्याकडे होता, टक्कल तेवढे मागून दिसत होते. त्या मुलाच्या डोक्यावर रोज खडू पडत होता. मला ते ठाऊक नव्हते, आणि त्याने कधी तक्रार केली नव्हती. त्याने छत्र्या काढल्या. मी मात्र नानांचाच प्रश्न विचारून मोकळा झालो होतो, आणि उत्तर सापडताच पान फाडले होते.

“छत्र्या किती होत्या?” दाजींनी विचारले. तेवढ्यात एक मालगाडी आली, आणि ती सबंध जाईपर्यंत कोणालाच काही ऐकू येईना.

मला आठवत नाही. तीन असाव्यात, कदाचित चार. तुकडे त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेले. तो मुलगा पुढच्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे शाळा सोडून गेला. मी अजून फळ्यावर लिहितो तेव्हा पहिला बाक हातभर मागे सरकवून घेतो, आणि मुलांना वाटते की सरांना ऐसपैस जागा लागते.