कळवावे

फाल्गुनात पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटकडे निघालं की वाटेतल्या पळसांवर भोरड्या बसलेल्या असतात. बसलेल्या म्हणजे नावालाच. एकीने फुलात चोच घातली की दुसरी तिला उठवते आणि सगळं झाड कलकलतं. भाद्रपदाच्या आसपास या आल्या तेव्हा मळकट दिसत होत्या. आता पिसांची फिकट टोकं झिजून गेली आहेत, त्यामुळे डोकं काळंभोर आणि पाठ गुलाबी दिसू लागली आहे. झिजण्यातून रूप येणारा हा पक्षी थोड्याच दिवसांत कझाकस्तानच्या गवताळ मुलखाकडे निघेल आणि तिथे टोळांवर पिल्लं वाढवेल. आपण पाहतो ते पळस, चोच आणि गुलाबी पाठ. पायांकडे कोणी पाहत नाही. मला मात्र आज पायांबद्दलच लिहायचं आहे, कारण काही पाखरांच्या पायात एक मजकूर असतो आणि तो मला फार आवडतो.

मजकूर असा: ‘इन्फॉर्म’, पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं आखडून घेतलेलं नाव, आणि एक क्रमांक. संपला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठसवून ती पट्टी पायाभोवती वळवलेली. लहान पाखराच्या कडीचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही भरत नाही. अभ्यासक तिला रिंग म्हणतात आणि या कामाला रिंगिंग. मी तिला वाळा म्हणतो. रांगणाऱ्या बाळाच्या पायात वाळे घालतात ते नुसते शोभेला नव्हेत. चुलीपाशी बसलेल्या आईला मूल कुठल्या खोलीत गेलं ते आवाजावरून समजतं. हा वाळा मुका आहे, आणि बाळ डोंगर ओलांडून परदेशी गेलेलं.

पहिला शब्द पाहा. इन्फॉर्म. आज्ञार्थ. ‘कृपया’ नाही, ‘महोदय’ नाही. इंग्रजीत तो सरकारी हुकमासारखा कोरडा लागतो, पण मराठीत आणला की त्याचा स्वर बदलतो: कळवावे. आपली जुनी पत्रं ‘कळावे, लोभ असावा’ म्हणून संपायची. खुशाली, पीकपाणी, सोयरीक सगळं लिहून झाल्यावर शेवटी ते ‘कळावे’ यायचं. या पत्राची सुरुवातच तिथून होते. वरचा मजकूर गाळलेला आहे, कारण तो लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. पाखरू कुठे गेलं, कोणाच्या शेतात उतरलं, किती वर्षं जगलं, हे सगळं वाचणाऱ्याने भरायचं. पत्र पाठवणारा फक्त पत्ता देतो आणि गप्प बसतो.

आणि वाचणारा कोण? संबोधन नाही, म्हणून कोणीही. माळ्यावरून गोफण फिरवून ज्वारीवरच्या भोरड्या उडवणारा गडी, मांजराच्या तोंडातून पाखरू सोडवणारी पोर, परक्या भाषेतला मेंढपाळ. इथल्या केळापूर तालुक्यात आता कापूस, तूर आणि सोयाबीन फार, ज्वारी कमी, म्हणून गोफणीही कमी. पण ज्वारी होती तेव्हाही गोफणवाल्याचं नि या पत्राचं नातं विचित्रच असणार. पाखरू उडत असेपर्यंत बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. ती वाचायची तर ते जाळ्यात सापडलं पाहिजे, नाहीतर मेलं पाहिजे. लहान पाखरांच्या बाबतीत शंभर कड्यांमागे एका कडीचीसुद्धा खबर परत येत नाही, आणि जी येते तिच्यात मेलेल्या पाखराची बरीच. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड दारात आलं की घरातली बाई न वाचताच खाली बसायची. या वाळ्याचा कोपरा आधीच फाडलेला असतो. तो घालणाऱ्यालाही हे माहीत असतं, तरी तो घालतो. या मजकुराचा रस मला तिथे लागतो.

लिहिणाऱ्याने शब्द का वाचवले, त्यालाही कारण आहे. डेन्मार्कमधल्या विबॉर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसन यांनी १८९० मध्ये जस्ताच्या कड्या करून पाहिल्या. त्या जड झाल्या, पाखरांना सोसेनात. मग १८९९ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या केल्या आणि १६५ पक्ष्यांच्या पायात घातल्या. ते पक्षी युरोपातल्या मैना, म्हणजे आपल्या भोरडीच्या जवळच्या नात्यातले. इथे शैली वजनावर ठरते. एक शब्द जास्त म्हणजे धातू जास्त, आणि तो भार पाखराने वाहायचा. आम्हा लेखकांच्या पायात कोणी अशी अट घातली तर बरं होईल.

कड्या घालण्याचं हे काम मी एकदाच जवळून पाहिलं. पहाटे बांबूंना ताणलेली बारीक काळी जाळी झुडपांपुढे दिसतसुद्धा नव्हती. तिच्यातून सोडवलेला वटवट्या कापडी पिशवीत आला, पिशवीसकट काट्याला लटकला. पिशवीचं वजन वजा केल्यावर उरले दहा-अकरा ग्रॅम. मग त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला. पंख पोलादी पट्टीवर टेकवून मोजला. पकडीच्या भोकात कडी धरली, पायाभोवती मिटली, आणि नखाने फिरवून पाहिली: सरकते ना, रुतत नाही ना. वहीत तारीख, जागा, वजन आणि क्रमांक उतरला. मूठ उघडली तेव्हा पाखरू क्षणभर तसंच पडून राहिलं, मग गेलं. सगळा खेळ त्या क्रमांकाचा. पायावर आकडा आणि वहीत त्याची ओळ: वही हरवली तर कडी निरर्थक, कडी सापडली नाही तर वही अर्धी.

आपल्याकडे या वहीची सुरुवात १९२७ च्या सुमारास पवारांच्या धार संस्थानात झाली, बदकांच्या पायांपासून. मोठं काम झालं ते डॉ. सालिम अली यांनी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केलेलं. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडताप उघडकीला आला होता. सायबेरियाकडची पाखरं गोचिडांबरोबर तो आणतात की काय, अशी शंका होती. म्हणजे त्या ‘कळवावे’मागे कौतुक होतं तसं भयही होतं.

भयाने वाचलं की वाचन चुकतं. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरला एक कबूतर सापडलं. पायात कड्या, पंखांवर चिनीसारखी अक्षरं. हेरगिरीच्या संशयावरून ते आठ महिने अडकून पडलं. शेवटी निघालं तैवानच्या शर्यतीतलं. ३० जानेवारी २०२४ ला त्याला सोडलं.

टिपेश्वर जगाला ठाऊक झालं ते एका वाघाच्या रेडिओ गळपट्ट्यामुळे. २०१९ मध्ये इथला ‘वॉकर’ नावाचा तरुण वाघ निघाला आणि भटकत भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी मिळून भटकंती सुमारे तीन हजार किलोमीटरची भरली. तो गळपट्टा स्वतःच बोलायचा: वाघ आत्ता इथे आहे, आता तिथे. उपयोगाच्या दृष्टीने तो श्रेष्ठ, वाद नाही. पण त्याला वाचकाची गरज नाही. वाळ्याला आहे, आणि म्हणून मला वाळा जास्त वाङ्मयीन वाटतो.

चैत्रात भोरड्या जातील. पाठोपाठ भारीट आणि धोबी जातील. पावसाच्या तोंडावर नवरंग येऊन झुडपात शीळ घालेल. या येण्याजाण्यात कधी पायात कडी असलेलं पाखरू हाती लागलं, तर एवढं करा. जिवंत असेल तर कडी काढू नका. आकडा नीट वाचा, फोटो काढा, तारीख आणि गावाचं नाव टिपा, पाखरू सोडून द्या. मेलेलं असेल तर कडी जपून ठेवा. आणि हॉर्नबिल हाउस, शहीद भगतसिंग रोड, मुंबई ४००००१ या पत्त्यावर बीएनएचएसला कळवा. कडीवर ‘बॉम्बे’ असलं तरी पत्र मुंबईलाच पोचतं.